रोमन राजवट संपल्यावर ब्रिटनमधली माणसं स्वतःला कोण समजत होती?

मेघना_लेस्टर

उत्तर वेल्समधल्या पेनमाख्नो गावच्या चर्चमध्ये एक थडग्याचा दगड ठेवलेला आहे. काळ साधारण पाचव्या शतकाची अखेर किंवा सहाव्याची सुरुवात. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, "कान्तिओरी हिक याकित, वेनेदोतिस किवे फुइत, कोन्सोब्रिनो माग्ली माजिस्त्राती." कान्तिओरिक्स इथे विसावला आहे, तो वेनेडॉसचा, म्हणजे आजच्या ग्विनेदचा, नागरिक होता आणि मॅजिस्ट्रेट माग्लस याचा चुलत-मावस भाऊ लागत होता.

व्याकरण पार विस्कटलेलं आहे. 'किविस' हवं तिथे 'किवे', 'याकेत'च्या जागी 'याकित'. पण मला हा दगड आवडतो तो याच चुकांमुळे. पोथीतून उतरवून घेतलेलं लॅटिन असं दिसत नाही. हे तोंडात रुळलेलं लॅटिन आहे, जसं बोललं तसं दगडावर आलेलं.

आता काळ लक्षात घ्या. ४०७ मध्ये बादशहाच्या गादीवर दावा सांगणारा तिसरा कॉन्स्टंटाइन ब्रिटनमधलं उरलंसुरलं सैन्य घेऊन गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, उतरला. ४०९ च्या सुमारास ब्रिटनच्या लोकांनी रोमन अधिकाऱ्यांना हाकलून दिलं, असं ग्रीक इतिहासकार झोसिमस लिहितो. ४१० नंतर बेटावर ना रोमचा गव्हर्नर, ना पगार घेणारी फौज, ना नव्या नाण्यांचा पुरवठा. आणि त्यानंतर दोन-तीन पिढ्यांनी डोंगरातला एक माणूस मरतो, तेव्हा त्याच्या घरच्यांना सांगावंसं काय वाटतं? तो नागरिक होता आणि त्याचा भाऊबंद मॅजिस्ट्रेट होता! २१२ मध्ये काराकालाने साम्राज्यातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिलं होतं. ते देणारं साम्राज्य ब्रिटनमधून उठून गेलं, तरी नागरिक म्हणवून घेण्यातला मान गेला नव्हता. फक्त आता तो रोमचा नागरिक नव्हता, ग्विनेदचा होता.

त्याच चर्चमधल्या आणखी एका दगडावर 'जस्टिन कॉन्सुल असताना' अशी तारीख आहे, असं वाचन सर्वसाधारणपणे मान्य आहे. कॉन्सुल म्हणजे दर वर्षी नेमला जाणारा रोमन उच्चाधिकारी, त्याच्या नावाने साल ओळखलं जाई. ते साल येतं ५४०. वेल्सच्या त्या कोपऱ्यातले लोक शतकभरानंतरही साल मोजायला कॉन्सुलचं नाव वापरत होते.

यातली खरी गंमत भूगोलात आहे. रोमन काळात मोझॅकच्या फरशांचे वाडे, हमामखाने, बाजारपेठांची शहरं होती ती बेटाच्या दक्षिणेला आणि पूर्वेला. पश्चिम वेल्समध्ये मुख्यतः लष्करी ठाणी आणि खाणी. म्हणजे जिथे रोमन राहणीमान सगळ्यात पातळ होतं, तिथेच रोमन म्हणवून घेण्याची धडपड सगळ्यात जास्त टिकली. असे लॅटिन स्मृतिदगड वेल्समध्येच शंभराहून जास्त आहेत, आणि जिथे खरोखर रोमन श्रीमंती होती त्या पूर्व इंग्लंडमध्ये त्या काळचे असे दगड मिळत नाहीत.

दुसरा दगड कार्मार्थनच्या संग्रहालयात आहे. वोतेपोरिक्स नावाच्या माणसाचा. लॅटिनमध्ये 'मेमोरिया वोतेपोरीगिस प्रोतिक्तोरिस'. 'प्रोटेक्टर' ही रोमन बादशहाच्या अंगरक्षक दलातली पदवी. आणि दगडाच्या कडेला ऑघम लिपीत, म्हणजे आयर्लंडहून आलेल्या खाचांच्या लिपीत, तेच नाव आयरिश रूपात: वोतेकोरिगस. नैर्ऋत्य वेल्समध्ये आयर्लंडहून येऊन स्थायिक झालेली घराणी होती, त्यातला हा असावा. आयरिश नाव, ब्रिटिश मुलूख (ब्रिटिश म्हणजे इथे बेटाचे जुने रहिवासी, आजचे इंग्रज नव्हेत), रोमन पदवी. त्याच्या घरच्यांना यात काही विसंगत वाटलं नाही, सगळं एकाच दगडावर बसवलं.

आणि मग गिल्डास. सहाव्या शतकातला हा ब्रिटिश धर्मगुरू आपल्या लोकांच्या पापांवर एक लांबलचक कोरडा ओढतो, त्यात सॅक्सन, म्हणजे उत्तर समुद्रापलीकडून आलेले आणि पुढे इंग्रज म्हणवले गेलेले लोक, पहिल्यांदा आले त्याचं वर्णन आहे. तीन जहाजं आली, त्यांच्या भाषेत 'किउला', 'आमच्या' भाषेत 'लाँगाए नावेस', लांब नौका. घरात ब्रिटिश बोली बोलणाऱ्या मुलखात वाढलेला हा माणूस लॅटिनला 'आमची' म्हणतो. स्वतःच्या लोकांना तो वारंवार 'किवेस', नागरिक, म्हणतो. पण त्याच लेखात रोमन लोक हे बाहेरून आलेले, मदत करून परत गेलेले दुसरे कुणीतरी आहेत. आपण रोमन आहोत की नाही, याचं उत्तर गिल्डासकडेही एक नव्हतं.

शाळेच्या पुस्तकांतलं चित्र मात्र सरळ आहे: रोमन गेले, सॅक्सन आले, ब्रिटन लोक डोंगरात पळाले. मला ते चित्र अपुरं वाटतं. त्या दोन-अडीचशे वर्षांत आपण कोण, हा प्रश्न माणसं गावागणिक आणि पिढीगणिक वेगळा सोडवत होती. कुणी दगडावर, कुणी कपड्यावर, कुणी देवळात. आणि शेवटी ज्यांच्या हातात कायदा आणि जमीन होती त्यांनी बाकीच्यांचं उत्तर ठरवलं.

इथे पुरातत्त्व, नाणी, कायदा यांतली जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढला. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

---

कोकणकडा

मेघनाताई, लेख सुरेख. दगडांची माहिती पूर्णपणे नवी होती माझ्यासाठी. पण मुख्य मुद्द्याशी असहमत.

२०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला जनुकीय अभ्यास तुम्ही धाग्यात घेतलाच नाही. वायव्य युरोपातल्या ४६० मध्ययुगीन माणसांचे अवशेष तपासले, त्यांतले २७८ इंग्लंडमधले. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या आरंभीच्या मध्ययुगातल्या माणसांचा सरासरी ७६ टक्के वारसा उत्तर समुद्रापलीकडचा निघाला, म्हणजे आजचं उत्तर जर्मनी, डेन्मार्क, नेदरलँड्स या पट्ट्यातला. बायका, मुलं, कुटुंबंच्या कुटुंबं आली. हे काही मूठभर सरदार येऊन गादीवर बसल्याचं प्रकरण नव्हे.

गेली तीसेक वर्षं 'स्थलांतर फार झालंच नाही, लोकांनी नुसती फॅशन बदलली' असं सांगणारी एक लाट होती. ती या आकड्यापुढे टिकत नाही. मग आपण कोण हे माणसं स्वतः ठरवत होती, हे तुमचं म्हणणं पूर्वेकडे कसं लागू करणार? तिथे माणसंच बदलली होती.

---

रानवाटा

वाचनखूण साठवली. प्रतिसाद वाचायला परत येणार.

---

मेघना_लेस्टर

@कोकणकडा, मुद्दा रास्त आहे आणि आकडाही बरोबर आहे. स्थलांतर मोठं होतं याबद्दल आता वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य बघा. बाहेरून आलेल्या वारशाच्या बायका दागिन्यांसकट पुरल्या जाण्याचं प्रमाण स्थानिक वारशाच्या बायकांपेक्षा जास्त आहे. पुरुषांच्या बाबतीत मात्र शस्त्रांसकट पुरलेला माणूस बाहेरच्या वारशाचा असेलच असं नाही. कमरेला तलवार किंवा हाताशी भाला असलेला 'सॅक्सन योद्धा' रक्ताने स्थानिक असू शकत होता.

आणि केंब्रिजशायरमधलं ओकिंग्टन. २०१६ मध्ये तिथल्या अँग्लो-सॅक्सन दफनभूमीतल्या चार जणींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणी स्थलांतरितांच्या वंशाची, कुणी स्थानिक, कुणी मिश्र. पुरण्याची तऱ्हा सगळ्यांची एकच. त्यातली सगळ्यात श्रीमंत कबर, जिच्या अंगावर क्रूसाच्या आकाराचा भलामोठा ब्रोच होता, ती स्थानिक ब्रिटिश वारशाची निघाली.

तो ब्रोच म्हणजे नुसता दागिना नव्हे. तळहातापेक्षा लांब, ब्राँझमध्ये ओतलेला, छातीवर लावला की दहा पावलांवरून दिसणारा. हे ब्रोच घालण्याची रीत पलीकडच्या किनाऱ्यावरून आली. ब्रिटिश रक्ताच्या बाईने तो घातला, आणि तिच्या माणसांनी तिला त्यासकट पुरलं. तिने पणजीची भाषा सोडली होती का, तिचा नवरा कोण होता, हे हाडं सांगत नाहीत. पण आपण कोणत्या लोकांत मोडतो हे तिच्या घरच्यांनी ठरवलं होतं, आणि ते रक्ताच्या हिशोबाने ठरवलेलं नव्हतं.

केंटमधल्या अपडाउनचं उदाहरण तर अगदी अलीकडचं, २०२५ मधलं. सातव्या शतकातली कोवळ्या वयाची मुलगी, सोबत चाकू, हाडाचा कंगवा आणि नक्षीचं मडकं. तिच्या वारशाचा मोठा हिस्सा पश्चिम आफ्रिकेतला निघाला, वडिलांकडून आलेला. आसपासच्या लोकांसारखीच ती पुरलेली आहे. म्हणून म्हणते, माणसं कुठून आली हा एक प्रश्न, ती कोण झाली हा दुसरा.

---

जुनीनाणी

नाण्यांवर लिहायचं तर थोडं सविस्तर लिहितो.

१९९२ मध्ये सफकमधल्या हॉक्सने गावी एका शेतात हरवलेला हातोडा शोधताना पुरलेला ऐवज मिळाला. १४,८६५ नाणी, शिवाय सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे. सगळ्यात अलीकडची नाणी ४०७-४०८ ची, म्हणजे पुरलं ते त्यानंतर. एका सोन्याच्या बांगडीवर जाळीच्या कामात अक्षरं आहेत, 'उतेरे फेलिक्स दोमिना युलियाने', बाई ज्युलियाना, ही सुखाने वापर. दहा चमच्यांवर ऑरेलियस उर्सिकिनस हे नाव.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती चांदीच्या नाण्यांची अवस्था. नवी नाणी येईनात, तेव्हा लोकांनी असलेल्यांच्या कडा कातरायला सुरुवात केली. कातरलेली चांदी बहुधा नकली नाणी पाडायला वापरली. पण हातात घेऊन पाहिलं तर दिसतं, कात्री गोलगोल फिरवताना बादशहाच्या चेहऱ्याला धक्का लावलेला नाही. भोवतीची अक्षरं गेली, कड गेली, तोंडवळा शाबूत. चेहरा असेपर्यंत नाणं चालत होतं. बादशहाचा अंमल संपला तरी त्याच्या मुखवट्यावर विश्वास होता.

आणि मग तोही संपला. एका-दोन पिढ्यांत नाणं व्यवहारातून जवळपास नाहीसं झालं, चाकावरची मडकी करणारे मोठे कारखाने बंद पडले, लोक पडक्या इमारतींतले खिळे उपटून लोखंड पुन्हा वापरायला लागले. मेघनाताई, तुमच्या धाग्यात ही बाजू यायला हवी. ओळखीचे प्रश्न सुटत होते तेव्हा पोटाचे प्रश्नही होते. रोमन राहणं म्हणजे काय, तर रोज बाजारातून मडकं आणणं, नाण्यात कर भरणं. ते थांबल्यावर रोमन असण्याचं रोजचं कारणच उरलं नाही.

अवांतर: हॉक्सनेच्या ऐवजात चांदीच्या चार मिरीदाण्या आहेत, एक तर नटलेल्या बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची. ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेली. साम्राज्य गेलं तरी मिरीची चव गेली नाही. ७३५ मध्ये मृत्युशय्येवर असलेल्या बीड या इंग्रज साधू-इतिहासकाराने आपल्या पेटीतल्या मौल्यवान वस्तू मठातल्या सोबत्यांना वाटल्या, त्यात धूप, वस्त्रं आणि मिरी होती.

---

मेघना_लेस्टर

@जुनीनाणी, कातरलेल्या नाण्यांचं निरीक्षण फार मोलाचं आहे. कात्रीची ती गोल वाट मी आता प्रत्येक संग्रहालयात शोधणार.

पडझडीबद्दल एक भर घालते. ती सगळीकडे एका वेळी झाली नाही. ग्लॉस्टरशायरमधल्या चेडवर्थ व्हिलात, म्हणजे रोमन काळातल्या वाड्यात, एका खोलीत मोझॅकची फरशी आहे. ती फरशी ज्या भिंतीला धरून घातली, त्या भिंतीच्या पायाच्या चरात सापडलेल्या कोळशाची आणि हाडाची रेडिओकार्बन तारीख काढली, तर ४२४ च्या आधीची येऊ शकत नाही असं निघालं. २०२० मध्ये हे जाहीर झालं. नाणी संपली, फौज गेली, आणि तरी कुणीतरी कारागीर बोलावून खोली दुभागली आणि नवी फरशी घातली. काम जुन्यापेक्षा ओबडधोबड आहे, नक्षीत चुका आहेत. पण करणाऱ्याला काय हवं होतं ते स्पष्ट आहे. त्याला आपलं घर रोमन सद्गृहस्थाचं घर म्हणूनच हवं होतं.

---

आदिती७७

छान चर्चा. या सगळ्यात आर्थर राजा कुठे बसतो? ब्रिटन लोकांची ओळख त्याच्याभोवती तयार झाली असं वाचलं होतं.

---

मेघना_लेस्टर

@आदिती७७, त्या काळातल्या लिखाणात तो नाहीच. गिल्डास सॅक्सनांविरुद्धच्या बेडन टेकडीच्या लढाईबद्दल लिहितो, त्यांच्याशी लढणाऱ्या आंब्रोसियस ऑरेलियानसचं नाव घेतो, त्याच्या आईवडिलांच्या घराण्याने राजवस्त्र पांघरलं होतं असंही सांगतो, पण आर्थर नाही. बारा लढाया जिंकणारा आर्थर ८२९-३० च्या सुमारास वेल्समध्ये लिहिलेल्या इतिहासात येतो. त्यामुळे नवव्या शतकातल्या वेल्श लोकांना स्वतःबद्दल काय वाटत होतं यासाठी तो महत्त्वाचा, पाचव्या शतकासाठी नाही.

---

शंतनू_घाटावरचा

धर्माचा मुद्दा राहिला आहे, तो मला या सगळ्याच्या मध्यभागी वाटतो.

बीडच्या इतिहासात, जो ७३१ मध्ये पूर्ण झाला, एक प्रसंग आहे. रोमहून ५९७ मध्ये आलेला ऑगस्टीन केंटच्या राजाला ख्रिस्ती करून झाल्यावर पश्चिमेकडच्या ब्रिटिश बिशपांना भेटायला बोलावतो. तेही ख्रिस्तीच, आणि ऑगस्टीनच्या कितीतरी पिढ्या आधीपासून. ऑगस्टीनचं म्हणणं होतं, ईस्टरची तारीख आमच्यासारखी मोजा, बाप्तिस्मा आमच्या रीतीने द्या, आणि इंग्रजांना धर्म सांगायच्या कामात आमच्या बरोबरीने उतरा.

दुसऱ्या भेटीला निघण्याआधी ते बिशप एका तपस्व्याकडे सल्ला मागायला जातात. तो म्हणतो, हा माणूस देवाचा आहे का ते असं ओळखा: तुम्ही पोचाल तेव्हा तो उठून उभा राहिला, तर नम्र आहे, त्याचं ऐका. बसून राहिला, तर तुम्हाला तुच्छ मानतो, मग तुम्हीही त्याला मानू नका. ते सात बिशप पोचले, ऑगस्टीन खुर्चीतून उठला नाही. बोलणी तिथेच फिसकटली.

ईस्टरच्या गणितावरून ती फिसकटली असं म्हणणं वरवरचं ठरेल. दोन्ही बाजू लॅटिनमध्ये प्रार्थना करणाऱ्या. दोघेही स्वतःला खऱ्या चर्चचे मानणारे. आपणच जुने ख्रिस्ती, आपल्याला येऊन कालचा माणूस शिकवतो, तोही आपली जमीन घेतलेल्यांच्या दरबारातून, हा सल होता. मान राखला असता तर कदाचित वेगळं घडलं असतं.

बीडने याचा शेवट भीषण केला आहे. चेस्टरच्या लढाईत, साधारण ६१६ मध्ये, उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा एथेलफ्रिथ प्रार्थनेला जमलेल्या, वेल्समधल्या बँगोर मठाच्या साधूंवर तुटून पडतो. बाराशेच्या आसपास मारले गेले, पन्नास वाचले, असं तो सांगतो. मारणारा राजा ख्रिस्ती नव्हता, मरणारे ख्रिस्ती साधू होते, आणि बीड स्वतः साधू असून ही त्यांना मिळालेली योग्य शिक्षा मानतो. इथे धर्मबंधूपेक्षा 'आमचे लोक' जड झालेले दिसतात. बीड वाचताना माझं मन दर वेळी या पानावर अडतं. इतका दयाळू, इतका काटेकोर लेखक, आणि शेजारच्या लोकांबद्दल त्याच्या मनात एवढा कडूपणा.

---

कोकणकडा

@शंतनू, म्हणजे शेवटी दोन गटच ना? ब्रिटन आणि इंग्रज. मी तेच म्हणतोय.

---

शंतनू_घाटावरचा

@कोकणकडा, बीडच्या पुस्तकात दोन गट आहेत. लढाईच्या मैदानावर तसं दिसत नाही. ६३३ मध्ये ग्विनेदचा ख्रिस्ती ब्रिटिश राजा कॅडवालन आणि मध्य इंग्लंडमधल्या मर्सियाचा पेंडा, हा जुन्या देवांना मानणारा इंग्रज, दोघे मिळून नॉर्थम्ब्रियाच्या एडविनला मारतात. एडविन इंग्रज आणि ख्रिस्ती. भाषा आणि धर्म दोन्हीची सरमिसळ. आणि हाच एडविन प्रवासाला निघाला की त्याच्यापुढे 'तुफा' नावाचं रोमन पद्धतीचं निशाण चालायचं, असं बीडच सांगतो. ग्विनेदचे लोक रोमन असल्याचा दावा करत होते तसा नॉर्थम्ब्रियाचा इंग्रजही करत होता.

---

कार्डिफकर

मी इथे वेल्समध्येच असतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

ग्विनेदमधल्या ख्लानएल्हाएअर्न इथे एक दगड आहे, 'अलिओर्तुस एल्मेतियाकोस हिक याकेत'. एल्मेटचा अलिओर्तस इथे विसावला आहे. एल्मेट म्हणजे आजच्या लीड्सच्या भोवतालचा यॉर्कशायरचा मुलूख, तिथे सातव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश राज्य होतं, मग एडविनने तिथल्या राजाला हाकललं. हा माणूस घरापासून इतक्या लांब मेला आणि दगडावर लिहिलं काय? ब्रिटन नाही, रोमन नाही, ख्रिस्ती नाही. एल्मेटचा. गावाकडचं नाव.

दुसरं पॅट्रिकचं. हो, आयर्लंडचा संत पॅट्रिक, पण तो ब्रिटनमधला. बाप कॅल्पोर्नियस नगरपरिषदेचा सदस्य आणि डीकन (चर्चमधलं खालच्या पायरीचं पद), आजोबा धर्मगुरू. सोळाव्या वर्षी आयरिश चाच्यांनी पळवलं, सहा वर्षं गुलामीत गेली. पुढे कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांनी पॅट्रिकने नुकतंच बाप्तिस्मा दिलेल्या आयरिश लोकांना कापून काढलं आणि उरलेल्यांना विकलं, तेव्हा त्याने त्या सैनिकांना खुलं पत्र लिहिलं. त्यात म्हणतो, मी तुम्हाला माझे नागरिकबंधू म्हणणार नाही, पवित्र रोमनांचे नागरिकबंधूही नाही, तुम्ही सैतानांचे नागरिकबंधू आहात.

म्हणजे ते सैनिक स्वतःला नागरिक आणि रोमन समजत असणार, नाहीतर या शिव्यांना धार कुठून येणार? पॅट्रिकसाठी रोमन असणं हे वागणुकीवर होतं. ख्रिस्ती माणसांना गुलाम करून विकलं की ते गेलं. कान्तिओरिक्सच्या दगडावरचा 'किवे' आणि पॅट्रिकच्या पत्रातला हा 'नागरिक' एकत्र ठेवून वाचा.

---

वकिली_बाणा

उशिरा येतोय, पण मेघनाताईंच्या मूळ लेखातलं शेवटचं वाक्य, ज्यांच्या हातात कायदा होता त्यांनी उत्तर ठरवलं, त्याला पुरावा देतो. हा माझा आवडता दस्तऐवज आहे.

नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा इने, गादीवर ६८८ पासून. त्याचा कायदा ६९४ च्या आधीचा. त्यात माणूस मारला तर त्याच्या नातेवाइकांना किती रक्तमूल्य द्यायचं याचे दर आहेत. साध्या इंग्रज शेतकऱ्याचं मूल्य २०० शिलिंग. 'वेल्श' माणसाचं, म्हणजे वेसेक्सच्या हद्दीत राहणाऱ्या ब्रिटिश माणसाचं, त्याच्याकडे एक हाइड जमीन असेल तर १२० शिलिंग. हाइड म्हणजे एका कुटुंबाचं भागेल एवढी जमीन. अर्धा हाइड असेल तर ८०. जमीनच नसेल तर ६०. पाच हाइडवाला असेल तर ६००. राजाचा निरोप घेऊन जाणारा वेल्श घोडेस्वार असेल तर २००.

हे आकडे सावकाश वाचावेत. पहिली गोष्ट, इंग्रजांच्या राज्यात सातव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश माणसं होती, गुलाम म्हणूनच नव्हे तर जमीनदार म्हणूनही, राजाच्या नोकरीतही. डोंगरात सगळे पळाले ही कथा इथेच संपते. दुसरी, सारख्या पायरीच्या इंग्रजापेक्षा त्यांचा जीव स्वस्त. पाच हाइडचा वेल्श माणूस वरच्या इंग्रज सरदाराच्या निम्म्यावर, कारण त्या सरदाराचं मूल्य १२०० होतं.

आता तुम्ही डॉर्सेट किंवा सॉमरसेटमधले एक हाइडवाले ब्रिटिश शेतकरी आहात असं समजा. गावच्या सभेत खटला आला. तुम्ही इंग्रज म्हणून उभे राहिलात तर तुमच्या मुलाचा जीव २०० चा, ब्रिटिश म्हणून राहिलात तर १२० चा. तुमची बायको इंग्रजी बोलते, मुलाचं नाव इंग्रजी ठेवलंय, कपडे शेजाऱ्यांसारखे. दोन पिढ्यांनंतर त्या घरात वेल्श कोण उरणार? तलवारीने जे झालं नाही ते या दरपत्रकाने झालं. नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेडने केलेल्या स्वतःच्या कायद्यात हा वेगळा दर दिसत नाही. तोवर वेगळा दर लावायला माणसंच फारशी उरली नसावीत.

---

कोकणकडा

@वकिली_बाणा, हा प्रतिसाद पटला. फक्त हे वेसेक्सच्या पश्चिम भागाला जास्त लागू आहे असं माझं मत. केंट आणि ईस्ट अँग्लियात स्थलांतरितांची संख्याच इतकी होती की दरपत्रकाची गरज पडली नसेल.

---

मेघना_लेस्टर

@कोकणकडा, पूर्व आणि पश्चिम वेगळी होती, मान्य. नद्यांच्या नावांतही तो फरक दिसतो. जसजसं पश्चिमेला जावं तसतशी ब्रिटिश नावं लहान ओढ्यांपर्यंत टिकलेली आहेत. पण केंट हे नावच ब्रिटिश आहे, आणि पूर्वेकडच्या लिंडसेचंही (आजच्या लिंकनशायरमधला मुलूख). इतके लोक आले तरी मुलखाची नावं त्यांनी जुन्याच रहिवाशांकडून घेतली.

@वकिली_बाणा, तुमच्या प्रतिसादाला एक जोड. इनेच्या आधी वेसेक्सच्या गादीवर कोण होता? कॅडवाला. हे नाव ब्रिटिश आहे, ग्विनेदच्या कॅडवालनच्या नावाशी सख्खं नातं सांगणारं. वेसेक्सच्या राजवंशाचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो केर्डिक, तेही नाव ब्रिटिशच. म्हणजे ज्या घराण्याने ब्रिटिश माणसाचा जीव १२० शिलिंगांचा ठरवला, त्या घराण्याच्या वंशावळीच्या टोकाला ब्रिटिश नाव आहे आणि कायदा करणाऱ्याच्या आधीच्याच राजालाही ब्रिटिश नाव आहे.

हा कॅडवाला ६८८ मध्ये राज्य सोडून रोमला गेला. १० एप्रिल ६८९ ला, ईस्टरच्या आदल्या दिवशी, पोप सर्जियसने त्याला बाप्तिस्मा दिला, नाव ठेवलं पीटर. दहा दिवसांनी तो वारला. वय तीसच्या आसपास. पोपने त्याच्या थडग्यावर लॅटिन कविता कोरून घेतली, ती बीडने जशीच्या तशी उतरवली आहे. तिच्यानंतरच्या ओळीत त्याची ओळख अशी दिली आहे: इथे कॅडवाल, म्हणजेच पीटर, सॅक्सनांचा राजा, विसावला आहे.

---

वकिली_बाणा

@मेघनाताई, इनेही पुढे ७२६ मध्ये राज्य सोडून रोमलाच गेला. या दोघांच्या रोमयात्रांवर वेगळा धागा काढा, मी कायद्याची बाजू लिहितो.

---

कार्डिफकर

आणि त्यात ब्रिटनीचाही, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाचाही, भाग घ्या. खाडी ओलांडून गॉलमध्ये गेलेल्या ब्रिटिश लोकांचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. ४६१ च्या, गॉलमधल्या तूर शहरातल्या धर्मपरिषदेत सही करणारा मान्सुएतस स्वतःला 'ब्रिटनांचा बिशप' म्हणवतो. बाकीचे बिशप आपल्या शहराचं नाव लावतात, हा आपल्या लोकांचं. घरी असताना ही माणसं ग्विनेदची, एल्मेटची, नैर्ऋत्य वेल्समधल्या डायवेडची. समुद्र ओलांडला आणि परक्यांत आली, तेव्हा ब्रिटन झाली.

---

मेघना_लेस्टर

@कार्डिफकर, गॅलिशियातलंही घेऊ. स्पेनच्या वायव्य टोकाला 'ब्रिटोनिया' नावाचं बिशपचं क्षेत्र होतं, ५७२ च्या, आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागा इथल्या धर्मपरिषदेत तिथला बिशप माइलोक हजर आहे, आणि हे नाव ब्रिटिशच. नवा धागा पुढच्या आठवड्यात काढते, तूर आणि ब्रागापासून सुरुवात करू.